हातातल्या वस्तूवरील पेढीचे नाव

रक्तदान शिबिरात खाटेवर आडव्या झालेल्या दात्याच्या हाती एक मऊ चेंडू दिला जातो. दाता तो सावकाश दाबतो, सोडतो. हाताच्या स्नायूंच्या या हालचालीने शिरेतील रक्तप्रवाहाला साहाय्य होते आणि पिशवी भरत राहते. त्या चेंडूवर अनेकदा एखाद्या पेढीचे नाव छापलेले असते. दात्याला त्या वेळी दुसरे काही करायचे नसते. त्यामुळे ते नाव तो जितक्या निवांतपणे वाचतो, तितक्या निवांतपणे दुकानाची पाटीही कोणी वाचत नाही.

नाव छापलेली भेट देण्याची रीत व्यापारी घरांना नवी नाही. अहिल्यानगरच्या कापड बाजारात, दाळमंडईत, आडते बाजारात तसेच श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगावच्या पेठांत कापडी पिशवी, दिनदर्शिका, रोजनिशी यांवरून पेढीचे नाव घरोघरी पोहोचत आले आहे. प्रवचनानंतर किंवा तपाच्या पारण्याला दिल्या जाणाऱ्या प्रभावनेच्या वस्तूवरही कुटुंबाचे नाव असते. अलीकडे या वस्तूंत आरोग्याशी नाते सांगणाऱ्या लहान वस्तूंची भर पडली आहे. दाबण्याचे चेंडू, ॲक्युप्रेशरचे लाकडी रोलर, तळहातात मावणारे मसाजर आणि जपाची गणती ठेवणारे काउंटर आता भेट म्हणून दिले जातात.

दिनदर्शिका भिंतीवर टांगलेली राहते. हातातल्या वस्तूला मात्र घाम लागतो, तेल लागते, ती स्पिरिटने पुसली जाते आणि दिवसातून शंभरदा दाबली जाते. तिच्यावरचे नाव टिकले तर पेढीची आठवण टिकते. ते महिनाभरात अर्धे पुसले गेले तर मालाच्या दर्जाविषयी ग्राहक जे समजायचे ते समजतो.

वस्तू तशी छपाई

गोल किंवा वक्र पृष्ठभागावर सहसा पॅड प्रिंटिंग केले जाते. धातूच्या अथवा पॉलिमरच्या प्लेटवर बोधचिन्ह अत्यंत उथळ कोरलेले असते. त्या खोलगटात शाई भरतात, वरची जादा शाई पात्याने निपटून काढतात. मग सिलिकॉनचा मऊ गोळा ती शाई उचलतो आणि वस्तूवर दाबला जातो. गोळा वस्तूच्या आकाराप्रमाणे वाकतो, म्हणून चेंडूवरही ठसा उमटतो. प्रत्येक रंगाला स्वतंत्र प्लेट लागते. रंग वाढले की खर्च वाढतो आणि रंग एकमेकांवरून सरकण्याची शक्यताही वाढते.

फोमच्या चेंडूसाठी लवचीक शाई आवश्यक असते. कडक शाई पहिल्याच काही दाबांत तडकते. पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लॅस्टिकवर शाई सहजासहजी धरत नाही. त्याच्या पृष्ठभागावर आधी ज्योतीची प्रक्रिया करावी लागते किंवा प्रायमर लावावा लागतो. लाकडी रोलरवर लेसरने नाव कोरणे उत्तम. त्यात शाईच नसल्याने पुसले जाण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र पीव्हीसीवर लेसर वापरू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू निघतो आणि तो प्रथम कारागिराच्या छातीत जातो.

हार्डनर मिसळलेली शाई हाताला लवकर कोरडी लागली, तरी पूर्ण पक्की होण्यास काही दिवस घेते. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी छापून घेतलेला माल फसवा ठरू शकतो. त्याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. नमुना काही दिवस ठेवावा. छापावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी, स्पिरिटच्या बोळ्याने घासावे आणि वस्तू मऊ असल्यास शंभरदा दाबून पाहावी. यातून उतरलेल्या नमुन्यावरच पूर्ण मागणी द्यावी.

एका अनुस्वाराचे मोल

मराठी नाव छापताना एक अडचण अधिक असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. अक्षर लहान केले की बारीक पोकळ्या शाईने बुजतात आणि एखादा टिंब उमटतच नाही. चिता आणि चिंता यांत फरक केवळ एका बिंदूचा, हे आपले जुने सुभाषितकार सांगून गेले आहेत. ताण हलका करण्याच्या चेंडूवर ‘चिंता सोडा’ असे छापायला द्यावे, अनुस्वार गळावा आणि वाटल्या गेलेल्या हजार चेंडूंवर ‘चिता सोडा’ वाचले जावे, याहून मोठी फजिती कोणती?

यावर उपाय साधे आहेत. मजकूर थोडा ठेवावा. पेढीचे नाव आणि गावाचे नाव एवढे पुरते. अक्षर जाड व सुटसुटीत निवडावे. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडल्यास त्याची अगम्य चिन्हे होतात, म्हणून अक्षरे कर्व्हमध्ये रूपांतरित करूनच फाइल पाठवावी. पडद्यावर मोठे केलेले चित्र पाहून संमती देऊ नये. खऱ्या आकारात, खऱ्या वस्तूवर छापलेला पहिला नमुना घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावा. त्यांना चष्म्याशिवाय वाचता आला, तर तो सर्वांना वाचता येईल.

नावाखाली काय लिहिले आहे?

याहून गंभीर चूक शाईची नसून शब्दांची असते. घाऊक बाजारात मिळणाऱ्या काही वस्तूंच्या डबीवर मधुमेह, रक्तदाब, संधिवात बरा होतो, असे सर्रास छापलेले आढळते. त्याच डबीवर पेढीचे नाव उमटले की तो दावा पेढीचा होतो. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. मधुमेह, रक्तदाबाचे विकार, संधिवात, पक्षाघात, कर्करोग अशा परिशिष्टातील व्याधी बऱ्या होण्याची जाहिरात तो निषिद्ध ठरवतो. त्यात जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येते, तसेच जाहिरात छापण्याचे कामही तिच्या प्रसिद्धीतील सहभाग मानले जाते. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

कायद्याचे भय बाजूला ठेवले, तरी प्रश्न उरतोच. भेट घेणारा मनुष्य देणाऱ्यावर विश्वास ठेवतो. ‘शेटजींनी दिले आहे’ म्हणून एखाद्या आजीने साखरेची गोळी बंद करून रोलर फिरवत बसावे, तर ती हानी कोणाच्या खाती मांडायची? राष्ट्रसंत आचार्य आनंदऋषिजी महाराजांच्या नावाने ज्या नगरात रुग्णालय उभे आहे, तेथे उपचाराचा मार्ग दाखवण्यासाठी खोट्या आश्वासनाची गरज नाही. हातांना व्यायाम, थकल्या तळव्यांना थोडा आराम, एवढे खरे बोलणेच पुरे.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण हे एक आहे. निष्कारण घडणारी हिंसा आणि निरर्थक वापर टाळावा, हा त्याचा आशय. आठवड्यात सेल संपून अडगळीत पडणारे पाचशे मसाजर वाटण्यापेक्षा वर्षानुवर्षे हातात राहणारे शंभर लाकडी रोलर देणे त्या व्रताच्या अधिक जवळचे आहे. हिशेबाच्या दृष्टीनेही विचार हवाच. विनामूल्य भेट दिलेल्या वस्तूंवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे तो कर खर्चातच धरावा लागतो.

शिबिर संपते, दाता चहा-बिस्किटे घेऊन घरी जातो आणि चेंडू पुसून पुढच्या हातात दिला जातो. पेढीची पत आपल्याकडे नेहमी अशीच हातोहात वाढली आहे. चेंडूवरचे नाव पुसट झाले, तर पुन्हा छापता येते. त्या नावावरचा विश्वास पुसट झाला, तर त्यासाठी कोणत्याही छापखान्यात शाई मिळत नाही.