हलक्या टायरचा हिशेब

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सायकल आमच्या घरांतून नव्या रूपानें परत आली आहे. एके काळीं शाळा, कचेरी व मंडई यांच्या खेपा घालणारें तें काळ्या रंगाचें भक्कम वाहन होतें; पुढें स्कूटर व मोटार यांनीं त्याला जिन्याखालच्या अंधारांत लोटलें. आतां परत आलेली सायकल बारीक चाकांची, खालीं वळलेल्या हँडलची व एका हातानें उचलतां येईल इतकी हलकी असते. तिच्याबरोबर घरांतल्या पानावरच्या गप्पांत कांहीं नवे विषयही शिरले आहेत, आणि त्यांपैकीं एक म्हणजे टायरचें वजन. चिरंजीव किंवा कन्या सांगतात कीं, अमुक टायर शंभर ग्रॅमांनीं हलका आहे व म्हणून तोच हवा. वडील मंडळी विचारतात कीं, एवढ्याशा हलकेपणासाठीं कांहीं हजार रुपये कां मोजावे? त्यावर उत्तर तयारच असतें : चाकावरचा एक ग्रॅम म्हणजे गाडीवरचे दोन ग्रॅम!

या वादांत दोन्ही पक्षांजवळ थोडें थोडें सत्य आहे. तें वेगवेगळें करून वाचकांपुढें मांडावें, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम टायर ही वस्तु काय आहे तें पाहूं. बैलगाडीच्या चाकास लोखंडाची धांव चढवीत, ती चाक झिजूं नये म्हणून. सायकलच्या चाकांसही आरंभीं लोखंडाच्या धांवा असत व नंतर भरीव रबर आलें. हवा भरलेल्या टायरचें पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें १८४५ सालींच घेतलें होतें. परंतु तें विस्मृतींत गेलें. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें तीच युक्ति स्वतंत्रपणें पुन्हा शोधून काढली, तीही आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं. पुढच्याच वर्षी शर्यतींतून हवेच्या टायरनें भरीव रबरास मागें टाकलें. १८९१ सालीं पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारें १२०० किलोमीटरांची शर्यत झाली, ती शार्ल तेराँ यानें मिशलिन बंधूंचे काढघाल करतां येणारे हवेचे टायर वापरून तीन दिवसांच्या आंत जिंकली. या सर्व विजयांचें कारण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. हवेचा टायर रस्त्याशीं भांडत नाहीं. खडा आला तर तो स्वतः दबतो आणि गाडीस व बसणारास वर उचलण्यांत शक्ति खर्च होऊं देत नाहीं. टायरचा पहिला गुण हलकेपणा नसून लवचिकपणा आहे, हें तेव्हांच सिद्ध झालें होतें.

आतां हिशेब करूं. सायकल व बसणारा मिळून वजन ८० किलो धरा. प्रत्येक टायर १०० ग्रॅमांनीं हलका घेतला, म्हणजे एकूण २०० ग्रॅम वांचले. हें प्रमाण शेंकडा पाव झालें. शंभर मीटरांस सहा मीटर चढणाऱ्या घाटांत ताशीं १० किलोमीटर गतीनें जातांना या २०० ग्रॅमांमुळें वांचणारी शक्ति सुमारें एक तृतीयांश वॉट भरते. एक तासाच्या चढणींत त्यामुळें अदमासें नऊ सेकंद, म्हणजे पंचवीस मीटरांचें अंतर, पदरांत पडतें. शर्यतीचा निकाल सेकंदांत लागणाऱ्यास हें मोलाचें आहे. इतरांस तेवढा वेळ घाटांतील देवळापाशीं पाणी पितांनाही लागतो.

मग चाकावरचा ग्रॅम दुप्पट कसा? हें म्हणणें खोटें नाहीं, पण अर्धवट आहे. चाकाच्या कडेवरील वजन पुढेंही जातें व फिरतेंही. म्हणून तें वेग घेत असतांना त्यास सुमारें दुप्पट शक्ति द्यावी लागते. परंतु वेग एकदां स्थिर झाला म्हणजे फिरण्याचें हें जास्त देणें उरत नाहीं, आणि चढावर तर चाकावरचा ग्रॅम व खिशांतला ग्रॅम यांत कांहींच भेद नसतो. वारंवार झडप घालून पुढें जाणाऱ्या शर्यतींतल्या स्वारास त्याचा उपयोग होतो; पुण्याहून सकाळीं निघून पानशेतास जाऊन येणारास तो जवळजवळ नाहींच.

आतां हिशेबाची दुसरी बाजू पाहूं. टायर जमिनीस टेकतो तेथें चपटा होतो आणि पुढें जातांच पुन्हा गोल होतो. त्यास चपटा करण्यांत घातलेली सर्व शक्ति परत मिळत नाहीं. कांहीं रबराच्या व कापडाच्या आंतल्या आंत उष्णता होऊन जाते. चांगल्या लवचिक टायरमध्यें हा रोध भाराच्या हजारांत सुमारें चार भाग असतो, जाड व ताठर टायरमध्यें सहा किंवा त्याहूनही अधिक. केवळ दोन हजारांशांचा हा फरक. पण ८० किलो भारावर ताशीं ३० किलोमीटर गतीस तो सुमारें १३ वॉट खातो. नेमानें व्यायाम करणारा माणूस तासन्‌तास १५० वॉट शक्ति देऊं शकतो असें धरलें, तर त्याच्या श्रमाचा बारावा हिस्सा टायरच्या ताठरपणांत जिरला. वर सांगितलेल्या घाटांत, ताशीं १० किलोमीटर गतीसही, हा फरक चार वॉटांहून अधिक आहे, म्हणजे २०० ग्रॅमांच्या लाभाच्या तेरापट. चढावरही लवचिक टायर हलक्या टायरास मागें टाकतो, हें पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. पण आंकडे कोणासही पडताळून पाहतां येतील.

गोंधळ होतो तो असा : उत्तम टायर बहुधा लवचिकही असतो व हलकाही. स्वार नवा टायर चढवून निघतो, सायकल पळूं लागते आणि श्रेय मिळतें डब्यावर छापलेल्या ग्रॅमांस. म्हणून टायर घेतांना त्याचें वजन किती, याहून तें वजन कोठून कमी केलें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

वजन पांच ठिकाणांहून कमी करतां येतें. पहिलें ठिकाण टायरची कड. रिमला घट्ट धरून बसणाऱ्या या कडेंत पूर्वी पोलादी तार असे. आतां चांगल्या टायरमध्यें केव्हलरसारख्या तंतूंचा गोफ असतो. केव्हलर हा तंतु स्टेफनी क्वोलेक या विदुषीनें १९६५ सालीं अमेरिकेंत शोधून काढला. त्यामुळें प्रत्येक टायरमागें पन्नास-एक ग्रॅम वांचतात, टायरची घडी घालतां येते, आणि बळकटीत कांहीं उणें येत नाहीं. हा हलकेपणा निःशंक विकत घ्यावा. दुसरें ठिकाण आंतलें कापड. धागे बारीक असले म्हणजे इंचास अधिक बसतात. ६० धाग्यांच्या कापडाहून १२० धाग्यांचें कापड बहुधा पातळ व लवचिक असतें. मात्र कांहीं कारखाने एकावर एक घडी केलेल्या थरांचे धागे एकत्र मोजतात, म्हणून केवळ आंकड्यावर विसंबूं नये. टायर हातांत घेऊन त्याची बाजू चिमटींत दाबून पाहावी. जाड गोणपाट व धुतलेलें मलमल यांतला फरक बोटांस आपोआप कळतो.

उरलेल्या तीन ठिकाणीं मात्र सावध राहिलें पाहिजे. रस्त्यास लागणारें रबर पातळ केलें कीं टायरचें आयुष्य घटतें. त्या रबराखालची संरक्षक पट्टी काढून टाकली कीं कांटा सरळ ट्यूबपर्यंत पोहोंचतो. आणि बाजूचें आवरण नुसत्या कापडापुरतें ठेवलें कीं अणकुचीदार दगडाचा एक ओरखडा टायर फाडावयास पुरतो. कांटा काढून ट्यूब बदलतां येते; बाजू फाटलेला टायर रस्त्यावर दुरुस्त होत नाहीं, आणि उतारावर वेगांत असतां पुढचा टायर फाटला तर नुकसान पैशांपुरतें राहत नाहीं. नुसत्या हलकेपणाच्या नादांत जें पणास लागतें तें हें.

ज्यांची उपजीविका जिंकण्यावर आहे ते काय करतात? उत्तर फ्रान्समधील पॅरिस-रूबे ही १८९६ पासून चालत आलेली शर्यत पाहावी. सुमारें २६० किलोमीटरांच्या या मार्गांत पन्नासाहून अधिक किलोमीटर जुन्या ओबडधोबड दगडी फरसबंदीचे आहेत. तेथें जगांतले श्रेष्ठ स्वार हलक्यांत हलका टायर घेत नाहींत. ३० मिलिमीटर व त्याहूनही रुंद, वजनानें अधिक असे टायर घेतात. आपल्याकडे फरसबंदी नाहीं. पण बाभळीचे कांटे, फुटक्या बाटल्यांची कांच, डांबराच्या तुटक्या कडा व पावसाळ्यांतले पाण्याखालीं दडलेले खड्डे आहेत. ओल्या रस्त्यावर कांच रबरांत अधिक सहज शिरते, हेंही लक्षांत ठेवावें.

येथें रुंदीचा व दाबाचा विचार येतो. हल्लींच्या बहुतेक रोड सायकलींचें चाक ७०० सी या नांवानें ओळखलें जातें आणि टायरवर २५-६२२, २८-६२२ असे आंकडे असतात. पहिला आंकडा टायरची रुंदी व दुसरा रिमवरील बैठकीचा व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. पूर्वी २३ मिलिमीटरांचा टायर दगडासारखा कडक फुगविणें हीच वेगाची किल्ली मानीत. २०१० नंतरच्या दशकांत शर्यतींतले स्वारही आधीं २५ व मग २८ मिलिमीटरांकडे वळले, कारण फार कडक टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो व ती शक्ति स्वाराच्या अंगांत हादऱ्यांच्या रूपानें जिरते. ७० किलोच्या स्वारानें २५ मिलिमीटरांत चौरस इंचास ८० ते ९० पौंड, २८ मध्यें ७० ते ७५ व ३२ मध्यें ५५ ते ६० पौंड दाबानें आरंभ करावा आणि मग अनुभवानें दोन-चार पौंड कमीअधिक करावे. पुढच्या चाकावर भार कमी, म्हणून तेथें दाबही किंचित् कमी. एकत्र कुटुंबांत एकच सायकल काका, पुतण्या व सूनबाई अशी तिघांच्या हातीं जाते. तेथें सर्वांस एकच दाब योग्य नव्हे. प्रत्येकाचा दाब कागदावर लिहून पंपाशेजारीं भिंतीस लावावा.

ट्यूबचाही विचार करावा. साध्या ब्यूटिल रबराची ट्यूब सुमारें १०० ग्रॅम भरते; टीपीयू नांवाच्या प्लॅस्टिकसारख्या द्रव्याची २५ ते ४० ग्रॅम. म्हणजे टायरला हात न लावतां दोन चाकांवर शंभराहून अधिक ग्रॅम वांचले. लॅटेक्सची ट्यूब लवचिक व वेगवान खरी, पण तिच्यांतून हवा हळूहळू निघून जाते; रोज सकाळीं ती भरणें आलें. ज्यांचे ब्रेक रिमवर घासतात त्यांच्या रिमा लांब उतारावर तापतात. त्यांनीं अशा ट्यूबवरील सूचना वाचल्यावांचून त्या वापरूं नयेत. ट्यूबशिवाय चालणाऱ्या टायरमध्यें बारीक भोकें आपोआप बुजविणारें सीलंट घालतात. कांटेरी भागांत ही सोय मोठी आहे, मात्र रिम त्यासाठींच बनविलेली पाहिजे. आंत वळलेली आंकडी नसलेल्या रिमांवर तर त्यांसाठीं मान्य केलेलाच टायर घालावा व दाब ५ बार, म्हणजे सुमारें ७२ पौंड, याहून वाढवूं नये. जुन्या सायकलींत ब्रेकखालून २८ मिलिमीटरांचा टायर जातो कीं नाहीं, हेंही विकत घेण्यापूर्वीच मोजावें.

मग निवड कशी करावी? सिंहगडाच्या चढावर घड्याळ लावून स्पर्धा करणारानें स्पर्धेपुरता २५ किंवा २८ मिलिमीटरांचा, २०० ते २५० ग्रॅमांचा लवचिक टायर जरूर घ्यावा, आणि स्पर्धा संपतांच तो उतरवून ठेवावा. २००, ३०० किंवा ६०० किलोमीटरांच्या ब्रेव्हेला जाणारानें २८ ते ३२ मिलिमीटरांचा, बारीक कापडाचा पण संरक्षक पट्टी असलेला टायर पसंत करावा. ६०० किलोमीटरांस ४० तासांची मर्यादा असते, आणि रात्रीं आडरानांत झालेलें एक पंक्चर ग्रॅमांनीं मिळविलेलें सर्व कांहीं एका क्षणांत परत घेतें. रोज कचेरीस किंवा कॉलेजांत जाणारानें ४०० ग्रॅमांच्या टायरचीही लाज बाळगूं नये. रबरावरील नक्षीचा मोह मात्र कोणीही धरूं नये. सायकलच्या गतीस अरुंद टायर पाण्यावर तरंगत नाहीं, पकड येते ती रबराच्या जातीमुळें.

वडील मंडळींस आमचें सांगणें एवढेंच कीं, मुलांनीं चांगला टायर मागितला तर ती चैन समजूं नये. तो रबराचा तुकडाच त्यांना रस्त्याशीं बांधून ठेवीत असतो. आणि तरुण मंडळींस सांगणें असें कीं, हजारों रुपयांच्या टायरची मागणी करण्यापूर्वी दाब दाखविणारा एक चांगला पंप घरांत आणवावा, आणि दर रविवारीं चिमटा घेऊन टायरमध्यें रुतलेले कांचेचे बारीक कण काढून टाकावे. या दोन गोष्टी महिनाभर ज्यानें नेमानें केल्या, त्यास नवा टायर कोणता घ्यावा हें दुकानदारास विचारावें लागणार नाहीं. जुन्या टायरची झीजच त्याला तें सांगेल.