आधी संपते ते काय?

अकरावीच्या रसायनशास्त्रात सुरुवातीलाच एका प्रकारचे गणित भेटते आणि पुढे 'सीईटी', 'नीट'पर्यंत ते पाठ सोडत नाही. दोन पदार्थांची वजने दिलेली असतात आणि प्रश्न असतो, तयार होणारा पदार्थ किती मिळेल? शिक्षक त्याला 'लिमिटिंग रिएजंट'चे गणित म्हणतात. साध्या मराठीत, दोघांपैकी आधी कोण संपते ते शोधा. पुष्कळ मुले त्याची रीत घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. डॉक्टर होणारेही त्याला अपवाद नसतात. पण ताप आला की घरोघरी घेतली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी याच हिशेबाने तयार होते, आणि ती प्रमाणाबाहेर पोटात गेली तर यकृतात जे घडते त्याचा हिशेबही हाच असतो.

ज्यांनी घरी उकडीचे मोदक केले आहेत, त्यांना हे गणित शिकवावे लागत नाही. उकड तीस पाऱ्यांची झाली आणि सारण एकवीस मोदकांपुरतेच असले, तर मोदक एकवीसच होतात. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या करता येतात, बाविसावा मोदक करता येत नाही. उकड एक किलो आणि सारण पाऊण किलो एवढे सांगून मात्र काहीच कळत नाही. एका मोदकाला किती उकड लागते आणि किती सारण, हे माहीत असावे लागते. मुले नेमकी इथेच चुकतात. ज्याचे वजन कमी ते आधी संपणार, असे ती धरून चालतात. रसायनात मात्र जोड्या रेणूंच्या लागतात, ग्रॅमच्या नाही. म्हणून आधी ग्रॅमचे 'मोल' करायचे. डझन म्हटले की बारा, तसे मोल म्हटले की रेणूंची एक ठरलेली, अतिप्रचंड संख्या.

आता पॅरासिटामॉल. पॅरा-अमिनोफिनॉल आणि ॲसेटिक अनहायड्राइड यांच्यातून ते तयार होते. एका रेणूला एक रेणू, सरळ जोडी. पहिल्याचे रेणुवस्तुमान १०९, दुसऱ्याचे १०२ आणि पॅरासिटामॉलचे १५१. समजा १०.९ ग्रॅम पॅरा-अमिनोफिनॉल आणि १५.३ ग्रॅम अनहायड्राइड घेतले. म्हणजे एक दशांश मोल आणि दीड दशांश मोल. पॅरा-अमिनोफिनॉल आधी संपणार. त्यामुळे पॅरासिटामॉल जास्तीत जास्त एक दशांश मोल, म्हणजे १५.१ ग्रॅम मिळेल. प्रत्यक्षात तेवढे कधीच मिळत नाही. काही पाण्यात विरघळलेले राहते, काही गाळणकागदाला चिकटते. हाती १२.१ ग्रॅम लागले तर उत्पादन ८० टक्के झाले असे म्हणतात.

अनहायड्राइड मुद्दाम जास्त घेतलेले असते. उरलेल्या अनहायड्राइडचे पाण्याशी मिळून ॲसेटिक आम्ल होते, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल. ते धुऊन काढता येते. पॅरा-अमिनोफिनॉल उरणे परवडत नाही, कारण ते मूत्रपिंडाला अपायकारक आहे आणि औषधकोशात त्याच्या अंशावर कडक मर्यादा आहे. थोडक्यात, आधी काय संपवायचे हे कारखान्यात ठरवून केले जाते. कधी कधी ते परिस्थितीही ठरवते. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, भारताने पॅरासिटामॉलसह काही औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्यासाठी लागणारा कच्चा माल, विशेषतः पॅरा-अमिनोफिनॉल, मोठ्या प्रमाणावर चीनमधून येत होता. कारखाने, कामगार, यंत्रे सगळे जागेवर होते, सारण कमी पडण्याची भीती होती.

गोळी पोटात गेली की गणित यकृतात पोहोचते. तिथे पॅरासिटामॉलची विल्हेवाट मुख्यतः दोन सुरक्षित वाटांनी होते. एकीत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडले जाते, दुसरीत सल्फेट. दोन्हींतून निघालेले पदार्थ लघवीवाटे निघून जातात. गोळीचा फार मोठा भाग असाच निमूटपणे बाहेर पडतो. उरलेल्या थोड्या भागाचे, ढोबळमानाने पाच ते दहा टक्क्यांचे, एका विकराच्या क्रियेने एका तापट पदार्थात रूपांतर होते. त्याचे रासायनिक नाव लांबलचक आहे. डॉक्टर मंडळी त्याला आद्याक्षरांवरून 'नॅपकी' म्हणतात. यकृतातल्या पेशींमध्ये ग्लुटाथिओन नावाचा एक रखवालदार रेणू असतो. नॅपकी तयार झाले की ग्लुटाथिओन त्याला धरते आणि दोघे मिळून निरुपद्रवी होतात. एकाला एक. पुन्हा तीच सरळ जोडी.

म्हणून इथेही विचारायचे, आधी काय संपते?

प्रौढ माणसाचे यकृत साधारण दीड किलोचे. त्यात दर ग्रॅममागे सुमारे पाच मायक्रोमोल ग्लुटाथिओन धरले, तर एकूण साठा साडेसात मिलिमोलच्या आसपास जातो. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ३.३ मिलिमोल पॅरासिटामॉल असते. त्यातले अगदी दहा टक्के नॅपकी झाले असे धरले, तरी ०.३३ मिलिमोल. साडेसाताच्या साठ्यातून एवढे गेले तर पुढच्या गोळीपर्यंत यकृत ते भरून काढते. ताप, अंगदुखी यांसाठी ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल इतके सुरक्षित आहे ते याच कारणाने. डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन टाळून डॉक्टर तेच देतात. या लेखाने कोणी त्याची धास्ती घेऊ नये.

पण एकदम १० ग्रॅम पोटात गेले तर? ते ६६ मिलिमोल झाले. दहा टक्क्यांनी ६.६ मिलिमोल नॅपकी, आणि समोर साठा साडेसातचा. वजनात पाहिले तर फसगत होते. हे नॅपकी जेमतेम एक ग्रॅम भरते आणि यकृतातले ग्लुटाथिओन दोन ग्रॅमहून अधिक असते. वाटते, दुप्पट आहे, पुरेल. पण ग्लुटाथिओनचा रेणूच दुपटीने जड आहे, ३०७ विरुद्ध १४९. रेणूंच्या मोजणीत दोघे जवळजवळ बरोबरीला येतात. शिवाय साठा शेवटच्या थेंबापर्यंत टिकावा लागतो असेही नाही. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले, की ग्लुटाथिओन सुमारे ७० टक्क्यांनी घटले की नॅपकी पेशींच्या प्रथिनांना चिकटू लागते आणि पेशी मरू लागतात.

पुस्तकातल्या गणितात नसलेली एक गुंतागुंत शरीरात आहे. तिथे उत्पादनाची टक्केवारी स्थिर राहत नाही. सल्फेटचा साठाही मर्यादित असतो. मात्रा वाढली की तो अपुरा पडू लागतो, सुरक्षित वाट तुंबते आणि जास्त माल धोक्याच्या वाटेने जातो. म्हणजे दुप्पट मात्रेने विष दुपटीपेक्षाही जास्त तयार होऊ शकते.

पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृत निकामी होते, याची पहिली ठळक नोंद एडिंबरोच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये केली. तोवर हे औषध बाजारात चांगले रुळले होते. बेथेस्डाच्या प्रयोगांनी कारण कळले आणि उपायाची दिशाही कळली, संपणारी वस्तू बाहेरून पुरवायची. मग ग्लुटाथिओनच का टोचू नये? कारण ते रक्तातून पेशीत सहज शिरत नाही. पेशी ते स्वतः घडवते, तीन अमिनो आम्ले जोडून: ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसिन. यातली दोन पेशीत मुबलक असतात. सिस्टीन कमी पडते. आधी संपणाऱ्या पदार्थाच्या पोटात आणखी एक आधी संपणारा पदार्थ!

एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधाचे सारे काम या एका ओळीत येते. ते पेशीत शिरते आणि तिथे त्याचे सिस्टीन होते. छातीतला कफ पातळ करण्यासाठी ते आधीपासून वापरात होते. त्याआधी सिस्टिॲमिन नावाचे औषध वापरून पाहिले गेले होते, पण त्याने रुग्ण हैराण होत. एडिंबरोचे लॉरी प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ॲसिटिलसिस्टीन शिरेतून देऊन गुण येतो हे दाखवले. त्यांच्या पद्धतीत २१ तासांत वजनाच्या दर किलोमागे एकूण ३०० मिलिग्रॅम औषध जाते. ६० किलोच्या माणसाला १८ ग्रॅम, म्हणजे ११० मिलिमोल. यकृताच्या मूळ साठ्याच्या कितीतरी पट. कारखान्यात अनहायड्राइड सढळ हाताने ओततात, तोच विचार. हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

यात वेळेला फार किंमत आहे. गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत ॲसिटिलसिस्टीन सुरू झाले तर यकृत जवळपास नेहमी वाचते. नंतरही फायदा होतो, पण तो तासागणिक उतरत जातो. चिकटलेले नॅपकी सोडवून घेता येत नाही.

आणि हे आठ तास फसवे असतात. पहिल्या दिवशी रुग्णाला थोडी मळमळ, एखादी उलटी, फार तर घाम आणि थकवा जाणवतो. कित्येकांना तेवढेही होत नाही. घरचे म्हणतात, चांगला बोलतोय, चहा घेतला, आता कशाला दवाखाना? दुसऱ्या दिवशी बरगडीखाली उजवीकडे दुखू लागते आणि रक्तातली यकृताची विकरे चढू लागतात. कावीळ, रक्त न गोठणे, बरळणे ही तिसऱ्या-चौथ्या दिवसाची लक्षणे. तोवर स्वस्त आणि सोप्या उपायाची वेळ टळलेली असते. म्हणून मात्रा जास्त गेली आहे हे कळताच, लक्षण एकही नसताना, रुग्णालय गाठायचे असते. कोणी जाणूनबुजून गोळ्या घेतल्या असतील तर रागावण्यात आणि लपवण्यात वेळ घालवू नये. मनावर असा भार आलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

चुकून होणारी विषबाधा बहुधा एका घोटात होत नाही, दिवसांच्या हप्त्यांनी होते. नेहमीचे उदाहरण दाढदुखीचे. दाढ ठणकते, दंतवैद्याची वेळ तीन दिवसांनंतरची मिळते. ६५० मिलिग्रॅमची गोळी दर तीन तासांनी, दिवसाला आठ. हे झाले ५.२ ग्रॅम. त्यात सर्दी म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली दुसरी गोळी दिवसातून तीनदा. तिच्यातही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, पण पाकिटावरचे नाव वेगळे असल्याने ते ध्यानात येत नाही. एकूण ६.७ ग्रॅम. निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, तीही विभागून आणि थोड्या दिवसांपुरती. आता दुसरी बाजू पाहा. चावता येत नाही म्हणून जेवण नीट नाही, म्हणजे सिस्टीनची आवक घटली. रोज दारू घेणारा असेल, तर नॅपकी तयार करणारे विकर जास्त आणि ग्लुटाथिओन कमी. विष वाढले, रखवालदार घटले, दोन्ही बाजूंनी गणित बिघडले. अशा माणसाला ४ ग्रॅमची मर्यादाही जास्तच. यकृताचा आजार, कुपोषण, रोजचे मद्यपान असेल तर मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्यावी.

लहान मुलांच्या बाबतीत घोटाळा होतो तो मिलिलिटरचा. मुलांची एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोला साधारण १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. बाजारात एक सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे, दुसरे ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचे, आणि तान्ह्या बाळांसाठीचे थेंब दर मिलिलिटरला तब्बल १०० मिलिग्रॅमचे. म्हणजे त्याच मुलाला पहिल्यातून सव्वासहा, दुसऱ्यातून तीन आणि तिसऱ्यातून दीड मिलिलिटर. थोरल्याचे सिरप संपले म्हणून त्याच मापाने धाकट्याचे थेंब दिले, तर एका वेळी चौपट औषध जाते. रात्री दोन वाजता तापलेले मूल मांडीवर असताना हे सहज घडते. बाटलीवरचा 'दर ५ मिलिलिटर' हा मजकूर दिवसाउजेडी वाचून मात्रा कागदावर लिहून ठेवलेली बरी.

रुग्णालयात डॉक्टर रक्तातली पॅरासिटामॉलची पातळी तपासू शकतात, पण ती गोळ्या घेतल्यानंतर निदान चार तासांनी मोजली तरच अर्थ लागतो. ही तपासणी प्रत्येक ठिकाणी होते असेही नाही. मग सांगितलेली मात्रा, वजन आणि वेळ यांवरच हिशेब करून ॲसिटिलसिस्टीन सुरू करावे लागते. म्हणून येताना रिकामी पाकिटे आणि बाटल्या, सर्दीच्या गोळ्यांसकट, पिशवीत घालून आणाव्यात, आणि पहिली गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून आणावे.