बटण की ठोकळा?

कॅराव्हॅनमधल्या इवल्याशा शेगडीवर घावन घालायला घेतलं आणि पीठ तव्याच्या एकाच कडेला जाऊन साचलं, की ट्रेलर वाकडा उभा आहे हे सांगायला वेगळं यंत्र लागत नाही. न्हाणीतलं पाणी जाळीऐवजी दाराकडे निघतं. कपाटाचं दार आपोआप उघडून कपाळावर येतं. रात्री पाय वर आणि डोकं खाली अशा अवस्थेत झोप लागत नाही, ते वेगळंच. चाकांवरचं घर हौसेनं घेणारे गादी, पडदे, एसी यांवर तासन्‌तास बोलतात. ते घर सपाट कसं उभं करायचं, हा प्रश्न मात्र पहिल्या मुक्कामाला, अंधार पडल्यावर, टॉर्चच्या उजेडात सुटायला लागतो.

कॅराव्हॅन आणि त्यांच्या तळांसाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयानं २००९ मध्ये धोरण आणलं. महाराष्ट्राचं स्वतःचं धोरण २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी केरळनं ‘केरवान केरळ’ योजना जाहीर केली आणि पुढच्या वर्षी वागमोनला कॅराव्हॅनचा तळ सुरूही केला. १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून मिरवणाऱ्या सिंधुदुर्गात आता बागायतदार, होमस्टेवाले आणि मुंबई-पुण्याहून गावाकडे परतलेले हौशी लोक ट्रेलरची चौकशी करताना दिसतात. बागेच्या कोपऱ्यात एक ट्रेलर ठेवावा, किंवा गाडीला जोडून आंबोली-तारकर्ली करावं, असा बेत असतो. विक्रेता मग एक जादा पर्याय पुढे करतो: ऑटो लेव्हलिंग. बटण दाबा, चार पाय खाली येतील, घर सपाट. पैसे अर्थातच घसघशीत. घ्यावं का?

उत्तर द्यायच्या आधी सपाट म्हणजे किती सपाट, हे पाहू. ट्रेलरच्या दोन चाकांमधलं अंतर १.८ मीटर धरलं, तर एक अंशाचा कल म्हणजे एका चाकाखाली जेमतेम तीन सेंटीमीटरचा फरक. लांबीच्या दिशेनं, चाकांच्या आसापासून पुढच्या जॉकी व्हीलपर्यंत साडेतीन मीटर धरले, तर एका अंशाला सहा सेंटीमीटर. एवढे दोन आकडे डोक्यात असले, की निम्मी भीती जाते. ओबडधोबड दिसणाऱ्या अंगणातही आडवा फरक बहुधा दहा-बारा सेंटीमीटरच्या आतच असतो.

परदेशी माहितीपत्रकांत समतल उभं राहण्याचा एवढा बाऊ का, याचं कारण फ्रिजमध्ये आहे. १९२२ मध्ये स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्टझर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी कॉम्प्रेसर नसलेला, नुसत्या उष्णतेवर चालणारा फ्रिज तयार केला. गॅसवरही चालतो म्हणून तिकडच्या कॅराव्हॅनमध्ये तो घरोघरी गेला. त्यात अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापतं, अमोनियाची वाफ वर जाते, निवते, हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वाफ होताना थंडावा देते आणि पाण्यात विरघळून परत खाली येते. हे सगळं पंपाशिवाय, निव्वळ उतारानं वाहत असतं. फ्रिज कलला की द्रव भलत्याच ठिकाणी साचतो, बॉयलर कोरडा तापतो आणि कालांतराने नळ्या आतून चोंदतात. म्हणून उत्पादक साधारण आडवा तीन अंश आणि उभा सहा अंश अशी मर्यादा देतात. तीन अंश म्हणजे आपल्या हिशेबानं साडेनऊ सेंटीमीटर.

तुमच्या ट्रेलरमध्ये बॅटरीवरचा कॉम्प्रेसर फ्रिज असेल, तर ही चिंता जवळजवळ संपली, कारण तो बराच कलूनही चालतो. उरतो तो माणसांचा आराम, सांडपाण्याचा उतार आणि एसीचं पाणी. एसीचा निचरा उलट्या बाजूला गेला तर ते पाणी थेट गादीवर येतं, आणि मे महिन्यात सावंतवाडीच्या दमटपणात हे पाणी थोडंथोडकं नसतं. तरीही या साऱ्याला एखाद्या अंशाची सूट चालते. म्हणजे यंत्राच्या दशांश अंशाच्या अचूकतेसाठी पैसे मोजताय की सोयीसाठी, हे स्वतःला विचारून घ्यावं. सोयीसाठी मोजायला काहीच हरकत नाही, फक्त नाव अचूकतेचं देऊ नये.

हाताची पद्धत सोपी आहे, पण तिचा क्रम चुकवून चालत नाही. आधी आडवं, मग उभं. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच खालच्या बाजूचं चाक उतरत्या ठोकळ्यावर चढवायचं. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून अडण लावायची. त्यानंतरच गाडी सोडायची आणि जॉकी व्हीलचं हँडल फिरवून पुढचं तोंड वर-खाली करायचं. सर्वांत शेवटी चार कोपऱ्यांतले पाय जमिनीला टेकवायचे. ते नुसते टेकवायचे. हे पाय घर हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नव्हे. त्यांच्यावर ट्रेलर उचलण्याचा मोह झाला तर सांगाडा पिळवटतो आणि दुसऱ्या दिवशी दार लागेनासं होतं. अडण न लावता आधी गाडी सोडली तर काय होतं, ते उतारावरच्या अंगणात अनुभवायची गरज नाही.

या पद्धतीतला सगळ्यात अवघड भाग यांत्रिक नाहीच. चाक ठोकळ्यावर चढताना मागे उभं राहून हात करणारा माणूस लागतो. तो गावातला असेल तर आदरानं ‘येवा, येवा…’ करत राहतो आणि ‘रवा, रवा!’ म्हणेपर्यंत चाक ठोकळ्याच्या पलीकडे उतरलेलं असतं. घरातलाच असेल तर पुढचा संवाद इथे छापण्यासारखा नसतो. पन्नाशी-साठी उलटलेली जोडपी ऑटो लेव्हलिंगकडे वळतात, त्यात गुडघ्यांइतकाच या संवादाचा वाटा असावा असा माझा संशय आहे.

ऑटोमध्ये घडतं ते असं. ट्रेलरच्या तळाला चार, काही रचनांत सहा जॅक बसवलेले असतात. काहींना विजेची मोटर असते, काहींना तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर. एका डबीत कल मोजणारी चिप असते, तशीच जी मोबाइल आडवा केल्यावर चित्र आडवं करते. नियंत्रक आधी पुढचं-मागचं जुळवतो, मग डावं-उजवं, शेवटी प्रत्येक पाय जमिनीला घट्ट टेकलाय की नाही हे तपासतो. विजेच्या जॅकमध्ये पाय टेकला की मोटरवरचा भार आणि करंट वाढतो, त्यावरून त्याला जमीन ‘कळते’. दोन-चार मिनिटांत काम होतं. पण सपाट म्हणजे काय, हे त्या डबीला बसवताना कुणीतरी शिकवलेलं असतं. बसवणाऱ्यानं ट्रेलर नीट सपाट न करताच तो शून्य बिंदू म्हणून नोंदवला, तर यंत्र आयुष्यभर तितकंच वाकडं, पण अतिशय आत्मविश्वासानं उभं करत राहील. त्यामुळे ताबा घेताना ओट्यावर गवंड्याची लेव्हल ठेवून बघणं हा अपमान नव्हे.

आणि मग आपली जमीन. इथे सावंतवाडी आणि परिसराचा प्रश्न अमेरिकेतल्या सिमेंटच्या तळांहून वेगळा होतो. वर सड्यावर जांभ्याचा कातळ, टणक आणि खडबडीत. खाली मळ्यात भाताची जमीन, मेमध्ये दगडासारखी आणि जुलैत लोण्यासारखी. मध्ये बागांची लाल माती. किनाऱ्याला पुळण. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात रस्त्याकडेची कुठलीच मातीची जागा विश्वासार्ह राहत नाही. जॅकच्या वीस सेंटीमीटर चौरस पायावर चारशे किलो भार आला, तर दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब पडतो. पाय संध्याकाळी समतल आणि पहाटे मातीत. त्याच पायाखाली तीस बाय पंचेचाळीस सेंटीमीटरची फळी घातली की दाब तिसऱ्या हिश्शाच्याही खाली येतो. ही फळी ऑटोवाल्यालाही घालावीच लागते आणि त्यासाठी त्यालाही वाकावंच लागतं. जाहिरातीत हे कधी दिसत नाही.

फळी कशाची, हेही बोलायला हवं. सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी ज्या पांगाऱ्याची होतात, ते लाकूड हलकं आणि मऊ, कोरीव कामाला उत्तम, चाकाखाली कुचकामी. ठोकळे ऐन किंवा किंजळीचे करून घ्यावेत. सुताराला उतार लांब ठेवायला सांगावं, म्हणजे चाक धक्का न देता चढतं. कोकणात हाताशी असलेला चिरा मात्र जॅकखाली रचू नये. भिंतीत सर्व बाजूंनी आधार मिळालेला चिरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, तोच सुटा, एका कोपऱ्यावर भार आला की तडकतो. सिमेंटचा पोकळ ब्लॉक त्याहून वाईट. पुळणीवर तर ट्रेलर नेऊच नये. चाक रुततं हे एक. शिवाय वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथे आपल्या चाकांचं काही काम नाही.

वजनाचा हिशेब लोक विसरतात. चार जॅक, मोटारी, नियंत्रक, वायरी मिळून पन्नास किलोंच्या घरात किंवा त्याहून जास्त भार कायमचा लागतो. एका आसाच्या छोट्या ट्रेलरमध्ये सामानासाठी दीड-दोनशे किलोंचीच मुभा असते, आणि टाकीतलं शंभर लिटर पाणी त्यातले शंभर किलो खातं. दाणोली सोडून आंबोलीच्या ६९० मीटर उंचीकडे निघालं, की प्रत्येक वळणावर हे किलो इंजिनाला आणि उतरताना ब्रेकला जाणवतात. दोन आसांचा, दोन-अडीच टनांचा ट्रेलर असेल तर चित्र पालटतं. दोन चाकं एकदम ठोकळ्यावर चढवणं कटकटीचं असतं आणि त्या वजनापुढे पन्नास किलोंचं काही वाटत नाही. तिथे ऑटो शोभतो.

दुरुस्तीचं काय? खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत वायरींचे जोड हिरवे पडतात, स्विच अडकतात. तेलावरच्या जॅकचा पाइप फुटला तर जेसीबीचे पाइप बदलून देणारा मेकॅनिक आता जवळपास प्रत्येक तालुक्यात सापडतो, त्याला हे काम परकं नाही. नियंत्रकाची डबी बिघडली तर मात्र ती जिथून आली तिथेच विचारावं लागणार. म्हणून ऑटो घेताना एकच गोष्ट आग्रहानं बघावी: बॅटरी मेली असताना पाय हातानं वर घेता येतात का, आणि ते हँडल पावसात, चिखलात आडवं न होता लावता येतं का. पाय खाली अडकलेला ट्रेलर हलवता येत नाही. निघायच्या सकाळी हे कळणं फार महाग पडतं.

या दोन टोकांच्या मध्ये एक स्वस्त वाट आहे आणि छोट्या ट्रेलरसाठी मला तीच पटते. कल मोजणारी एक छोटी डबी आत बसवायची, ती मोबाइलवर सांगते की डावं चाक इतके सेंटीमीटर उचला. ठोकळे हाताचेच. फार तर जॉकी व्हील विजेचं. अंदाज आणि ‘येवा-रवा’ यांतला बराचसा गोंधळ यात संपतो, आणि डबी बिघडली तर ओट्यावर काचेची लेव्हल आहेच. सतराव्या शतकात मेल्शिसेदेक थेव्हनो या फ्रेंच गृहस्थानं द्रवात बुडबुडा बंद करून बनवलेलं ते साधन, त्याला बॅटरी लागत नाही.

ट्रेलर एकाच जागी, बागेत पाहुण्यांसाठी ठेवायचा असेल, तर ऑटोवर खर्च करणं मला शुद्ध उधळपट्टी वाटते. तो पैसा जमिनीत घालावा. गवंड्याला बोलवा. तो पारदर्शक नळीत पाणी भरून आठ मीटरच्या दोन टोकांना तासाभरात सारखी खूण करून देईल. नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना, एवढं बघा. आता इथे बरेच जण चुकतात: ते चौथरा अगदी सपाट बांधून घेतात. कोकणात सपाट चौथरा म्हणजे तळं. त्याला उतार हवाच, साठास एक पुरे, म्हणजे आठ मीटरला तेरा सेंटीमीटर. पण हा उतार रुंदीला देऊ नका, लांबीला द्या. आडवं शून्यावर राहिलं की ठोकळ्यांची गरजच उरत नाही, आणि लांबीचे पाच-सहा सेंटीमीटर जॉकी व्हीलच्या काही फेऱ्यांत भरून निघतात. जिथे पाय टेकणार तिथे चिऱ्यांच्या फरसबंदीऐवजी काँक्रीटचे चार चौकोन ओतून घ्यावेत.

जूनमध्ये ट्रेलर बंद करून ठेवताना सगळा नियम उलटा होतो. तेव्हा तो समतल नकोच. तोंड थोडं वर करून ठेवावं, म्हणजे छपरावर पाणी न साचता मागे वाहून जाईल. खिडकीच्या रबरापाशी, एसीच्या कडेला साचलेलं पाणी दोन पावसाळ्यांत प्लाय फुगवतं. ऑटो असेल तर पाय पूर्ण आत घेऊन, पुसून, कोरडं वंगण मारून ठेवावेत. बाहेर राहिलेल्या सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर गंजाचा एक ठिपका पडला, की तो आत जाता-येता तेलाचं सील कापत राहतो. ट्रेलरचा भार चाकांवर आणि खाली रचलेल्या ठोकळ्यांवर द्यावा. बॅटरी काढून घरात आणावी आणि गणपतीच्या आधी एकदा चार्ज करावी.