सावंतवाडीचीं लांकडी खेळणीं

आमच्या पापडीस उन्हाळ्यांत ताडगोळे खाऊन झाले कीं मुलें रिकामीं ताडफळें घेऊन पळत. दोन फळांत एक काठी आरपार घातली कीं आंस झाला. त्यास बेचक्याची दुसरी काठी लावली कीं गाडी. पोफळीची गळलेली विरी मिळाली, तर तिच्यावर एकास बसवून बाकीच्यांनीं ओढीत न्यावें. या खेळण्यांना किंमत नव्हती. संध्याकाळीं तीं मोडलीं तरी कोणाचें कांहीं बिघडत नसे. परंतु दुसऱ्याच्या मुलासाठीं खेळणें करून जो पोट भरतो, त्याच्या खेळण्याला किंमत यावी लागते. आणि ती कोण देतो, यावर तो पुढें काय घडविणार हें ठरतें. सावंतवाडीच्या खेळण्यांकडे मी आज या दृष्टीनें पाहणार आहें.

तेथील चितार आळी चिताऱ्यांच्या नांवानें ओळखली जाते. संस्थानी काळापासून लांकूड कोरण्याचें व रंगविण्याचें काम तेथें चालत आलें आहे. त्यासाठीं पूर्वापार पसंती पांगाऱ्याला. लाल फुलांचा हा कांटेरी वृक्ष कोंकणांत कुंपणाला लावतात, मिरीचे वेल त्यावर चढवितात. पण दारखिडक्यांसाठीं सुतार त्याला हात लावीत नाहीं, इतकें त्याचें लांकूड मऊ व हलकें. खेळण्याला नेमका हाच गुण हवा! हत्याराला तें चटकन् वश होतें, आणि लहानग्याच्या हातून पायावर पडलें तरी फारशी इजा करीत नाहीं. मात्र तें पुरतें वाळलेलें असावें, नाहीं तर रंग दिल्यावर भेगा पडतात. त्यानंतर कोरणें, घासणें, अस्तर देणें, रंगाचे हात चढविणें. यांत घाई चालत नाहीं.

अशा श्रमांतून भातुकलीचीं जातीं, चुली, उखळें, तसेच भोंवरे, बैलगाड्या आणि सुप्रसिद्ध लांकडी फळें तयार होतात. केळीच्या बागांत वाढलेल्या आम्हां वसईकरांनासुद्धां तेथील केळें हातांत घेऊनच पारखावें लागतें, हें मी नाइलाजानें कबूल करतों.

पण हीं फळें जातात कोठें? दिवाणखान्यांतील टोपलींत! मुलानें फरफटत न्यावयाच्या गाडीला चार पैसे अधिक देतांना आपण कुरकुरतों. पाहुण्यांस दाखवावयाच्या टोपलीला मात्र मागेल ती किंमत देतों. मग कारागीर फळांकडे वळला, तर त्यास दोष कसा द्यावा? गंजिफांचेंहि तेंच झालें. १२० पानांचा दशावतारी जोड हा मूळचा खेळच. १९७० नंतर शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं त्या कलेला पुन्हां आश्रय दिला, म्हणून ती वांचली. परंतु आज जोड विकत घेणाऱ्यांत डाव मांडणारे विरळाच.

संयुक्त राष्ट्रांनीं २०२१ हें वर्ष सर्जनशील अर्थकारणाचें म्हणून पाळलें. सयाम, म्हणजे आजचें थायलंड, येथें तर २००१ पासूनच प्रत्येक ग्रामसमूहाच्या एखाद्या खास जिनसेला बाजार मिळवून देण्याची सरकारी योजना सुरू झाली. आपल्या सरकारनें खेळण्यांवरील आयात जकात २०२० मध्यें शेंकडा २० वरून ६० व २०२३ मध्यें ७० केली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांस मानक संस्थेची खूण सक्तीची झाली. हस्तव्यवसाय आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांस तींतून सूट आहे. हें योग्यच झालें. पण जकातीची भिंत जशी चिताऱ्याला आडोसा देते, तशीच देशांतल्या प्लॅस्टिकच्या कारखानदारालाहि देते, आणि तो एका दिवसांत जितकीं जातीं सांच्यांतून काढील, तितकीं चिताऱ्याच्या हातून महिन्यांतहि व्हावयाचीं नाहींत. तेव्हां किंमतीच्या चढाओढींत त्याला उतरवूं नये. मुलाच्या हातीं द्यावयाच्या वस्तूलाहि शोभेच्या वस्तूइतकी किंमत देणारें गिऱ्हाईक त्याला हवें आहे, आणि तें गिऱ्हाईक आपल्यासारख्या घरांतच सांपडेल.

आमच्या घरीं आलेली भातुकली प्रथम कपाटांत कांचेमागें मांडली होती. नातीनें ती एके दुपारीं खालीं काढली, आणि आठवड्याच्या आंत जात्याचा खुंटा मोडला. घरांत थोडी बोलाचाली झाली. पापडीच्या एका सुतारानें चहा होईपर्यंत नवा खुंटा बसवून दिला. रंग जुळत नाहीं, पण जातें फिरतें. आणि कपाटाचा तो कप्पा अद्याप रिकामाच आहे.