बुळकांडी गेली, बाभळी आल्या

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात बाभळीच्या कित्येक राया अशा आहेत, की त्यातली झाडं जवळपास एकाच वयाची. ती कुणी लावली नाहीत. मात्र त्यांचा संबंध एका लसीशी आहे.

बुळकांडी हा गुरांचा रोग जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. त्याचा विषाणू आपल्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग. 1880 च्या दशकाअखेरीस तो आफ्रिकेत शिरला आणि दहाएक वर्षांत दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. गुरं तर गेलीच, रानम्हशी आणि विल्डबीस्टही गेले. पुढची कित्येक दशकं सेरेंगेटीत त्यांची पिल्लं या रोगाने दगावत राहिली. मग भोवतालच्या गावांतल्या गुरांना लस टोचली गेली. रानातल्या एकाही जनावराला सुई लावावी लागली नाही. गुरांतला रोग आटोक्यात येताच रानातलाही ओसरला. 1961 मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट 1977 पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेले.

एवढी तोंडं चरू लागल्यावर वणव्याला जळायला गवत उरेना. बाभळीचं रोप जळलं तरी मूळ जगतं, पुन्हा फुटवा येतो, पुढच्या उन्हाळ्यात तोही जळतो. मध्ये काही वर्षं उसंत मिळाली, की शेंडा ज्वाळांच्या वर निघून जातो. सेरेंगेटीत ती उसंत मिळाली.

शेजारच्या केनियातल्या मसाई मारात मात्र राई परतली नाही. तिथली झाडं आधी वणव्यांनी संपवली. वणवे कमी झाले तेव्हा हत्ती रोपं उपटून खात होते. यावरून हत्तीला सरसकट दोषी धरणं घाईचं ठरेल. मन्यारा सरोवराकाठच्या उद्यानात रोपांना नडतं ते इम्पाला हरीण. तिथल्या एका राईचं वय मोजलं तर ती 1961 च्या सुमारास रुजलेली निघाली, म्हणजे काळपुळीच्या (अँथ्रॅक्स) साथीत इम्पाला मोठ्या संख्येने मेले तेव्हाची. दुसरी, जुनी राई 1880 च्या दशकाअखेरची, बुळकांडी आली त्या काळातली. एका ठिकाणी रोग हटल्यावर झाडं वाढली, दुसऱ्या ठिकाणी रोग आल्यावर.

2011 मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने हद्दपार केलेला हा दुसराच रोग. मन्याराच्या जुन्या बाभळी आता एकदमच म्हाताऱ्या होत आहेत, आणि त्यांच्याखाली उगवलेली रोपं इम्पाला खुडतात.