सुपरमॅन खाणीत उतरला होता

‘ॲक्शन कॉमिक्स’ या दहा सेंटच्या अमेरिकी मासिकाचा ऑगस्ट १९३८चा अंक हा केवळ तिसरा अंक होता. सुपरमॅन जन्माला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. या अंकात तो परग्रहावरच्या राक्षसाशी लढत नाही. तो कोळशाच्या खाणीत उतरतो. खाण कोसळलेली असते आणि एक कामगार कायमचा अपंग होतो. धोक्याची कल्पना आधी देऊनही कोणी ऐकले नव्हते, असे तो कामगार सांगतो. मालक ब्लेकली मात्र दोष कामगाराच्याच माथी मारतो आणि तुटपुंजी रक्कम पुढे करतो. ब्लेकली आणि त्याचे श्रीमंत पाहुणे मौजेखातर खाणीतच मेजवानी करायला उतरतात, तेव्हा खाणकामगाराच्या वेशातला सुपरमॅन बाहेर पडण्याची वाट बुजवून टाकतो. धोक्याची सूचना देणारे यंत्र गंजून निकामी झाल्याचे मालकाला तेव्हा कळते. पाहुण्यांना फावडी हाती घ्यावी लागतात. सुटका झाल्यावर ब्लेकली आपली खाण देशातली सर्वांत सुरक्षित खाण करण्याचा शब्द देतो.

वणीच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. उकणी, निलजई, मुंगोलीच्या खुल्या खाणी, राजूर कॉलरी, रात्रंदिवस धावणारे कोळशाचे ट्रक आणि रस्त्याकडेच्या झाडांवर बसलेली काळी धूळ हे या तालुक्याचे रोजचे जगणे आहे. घरातला कोणी वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये, कोणी ट्रकवर, कोणाची शेती खाणीत गेलेली. अशा गावातल्या मुलाच्या मोबाइलवर आज सुपरमॅन आहे, स्पायडरमॅन आहे, ॲव्हेंजर्स आहेत. मोठा पडदा हवा असेल तर तो मित्रांबरोबर चंद्रपूर किंवा नागपूर गाठतो. पण सुपरमॅन कधीकाळी खाणकामगारासाठी भांडला होता, हे त्याला कोणत्याही चित्रपटाने सांगितलेले नाही. १९८३च्या ‘सुपरमॅन ३’मध्ये कोळसा येतो, पण तो मुठीत दाबून हिरा करण्यापुरता.

कॉमिक्सवरच्या चित्रपटांचे परीक्षण बहुतेक वेळा संगणकीय दृश्ये, मारामारी आणि गल्ला या तीन गोष्टींवर होते. ही मापे मला अपुरी वाटतात. महानायक ज्यांच्यासाठी लढतो ती माणसे पडद्यावर किती दिसतात, हे पहिले माप असायला हवे. मूळ चित्रकथेत ती माणसे होती. चित्रपटात ती उरली की गर्दी होऊन गेली, यावर रूपांतराचे यश ठरते.

वेताळाचे जंगल

मराठी वाचकाची या दुनियेशी ओळख वेताळाने करून दिली. ली फॉक यांनी १९३४मध्ये जादूगार मँड्रेक आणि १९३६मध्ये फँटम निर्माण केला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि फँटम मराठीत वेताळ झाला. १९७६मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर त्यांच्या शेजारी येऊन बसला. १९९०मध्ये ही मालिका बंद पडली. तोवर एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकविक्रेत्यांपासून शाळेच्या दप्तरांपर्यंत दोन पिढ्यांनी ती हातोहात फिरवली होती.

वेताळाकडे कोणतीही अलौकिक शक्ती नाही. तो एकविसावा वेताळ आहे, बापाकडून मुलाकडे आलेले व्रत चालवणारा. त्याची ताकद त्याच्या जंगलात आहे. कवटीच्या आकाराची गुहा, बांडार जमातीचे लोक, त्यांचा विश्वास आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या दंतकथा यांतून तो उभा राहतो. भारतीय संपादकांनी मूळ कथेतल्या देशाचे नाव बदलून ‘डेंकाली’ केले, सिंग चाच्यांचे ‘सिंगा’ केले आणि गोष्ट इथल्या वाचकाला खटकणार नाही अशी काळजी घेतली.

१९९६चा ‘द फँटम’ या कसोटीवर कमी पडतो. बिली झेन वेताळाच्या जांभळ्या पोशाखात शोभतो. कथा १९३८च्या काळातच ठेवल्यामुळे जुन्या चित्रकथेचा रंगही टिकतो. पण दिग्दर्शक सायमन विन्सर यांचा चित्रपट तीन जादुई कवट्यांच्या मागे धावत जंगलातून न्यूयॉर्कला आणि तिथून चाच्यांच्या बेटावर जातो. या धावपळीत बांडार मागे राहतात. ज्यांनी वेताळाला वेताळ केले, तेच गोष्टीतून पुसट होतात आणि हातात उरते एक देखणी साहसकथा. चित्रपट चालला नाही.

दोन चौकटींमधली जागा

रूपांतर अवघड का असते, हे समजण्यासाठी चित्रकथेचे तंत्र लक्षात घ्यावे लागते. एका चौकटीत हात उगारलेला असतो, पुढच्या चौकटीत माणूस पडलेला. मधला फटका वाचकाने स्वतःच्या मनात मारायचा असतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या १९९३च्या पुस्तकात चौकटींमधली ही रिकामी जागा चित्रकथेच्या केंद्रस्थानी मानली आहे. चित्रपट ती जागा भरून टाकतो. म्हणून काय भरले, हे परीक्षकाने पाहायचे असते.

हे तंत्र मराठी चित्रकारांनी उत्तम जाणले होते. अनंत पै यांनी १९६७मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्रकथा’साठी राम वाईरकर, प्रताप मुळीक आणि दिलीप कदम यांनी पौराणिक आणि ऐतिहासिक व्यक्तिरेखांना चेहरे दिले. पुण्याच्या मुळीकांनी पुढे राज कॉमिक्सच्या नागराजचीही चित्रे काढली. १९८६मध्ये अवतरलेला हा सापांचा धनी हिंदी वाचकांत तुफान गाजला, त्यामागे पुण्यातल्या एका चित्रकाराचा हात होता. नागराज मोठ्या पडद्यावर यायचा अजून बाकी आहे.

स्पायडरमॅन मात्र पडद्यावर आला आणि टिकला. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी ऑगस्ट १९६२मध्ये त्याला आणले तेव्हा पीटर पार्कर जाळे फेकण्याचे यंत्र स्वतः बनवतो. सॅम रायमी यांनी २००२च्या चित्रपटात ते जाळे थेट त्याच्या मनगटातून काढले. अनेक चाहत्यांना हा बदल रुचला नाही, कारण त्यात पीटरची बुद्धी झाकली जाते. बदल खरोखर वादाचा आहे. तरी रायमींनी मूळ कथेचे हृदय जपले. १९६७च्या पन्नासाव्या अंकातले एक चित्र प्रसिद्ध आहे: कचऱ्याच्या डब्यात टाकलेला पोशाख आणि पाठ फिरवून चाललेला पीटर. २००४च्या ‘स्पायडरमॅन २’मध्ये ते चित्र जवळपास तसेच येते.

त्याच चित्रपटातला रेल्वेचा प्रसंग या साऱ्या चित्रपटांतला माझ्या मते सर्वोत्तम आहे. ब्रेक निकामी झालेली गाडी स्पायडरमॅन अंगाच्या बळावर थांबवतो आणि बेशुद्ध होऊन कोसळू लागतो. प्रवासी त्याला धरतात, डोक्यावरून हातोहात आत नेतात. मुखवटा नसलेला चेहरा पाहून त्यांना कळते की हा तर कोवळा पोरगा आहे. कोणी त्याचे गुपित फोडत नाही. खलनायक परत येतो तेव्हा हेच साधे प्रवासी त्याच्या आडवे उभे राहतात. इथे गर्दीला चेहरे आहेत, म्हणून नायकाला अर्थ आहे.

कोण उतरले, कोण नाही

ख्रिस्टोफर नोलन यांचा २००८चा ‘द डार्क नाइट’ हा बॅटमॅनपटही गर्दीला चेहरे दिल्यामुळेच मोठा ठरतो. ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या १९८८च्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकरचा दावा असतो की एका वाईट दिवसाने कोणीही वेडा होतो. तिथे तो हा दावा पोलीस अधिकारी गॉर्डनवर तपासतो. नोलन तो संपूर्ण शहरावर तपासतात. दोन जहाजे असतात, एकात कैदी आणि दुसऱ्यात सामान्य नागरिक. प्रत्येकाच्या हाती दुसऱ्या जहाजाच्या स्फोटाचे बटण. कोणीच ते दाबत नाही. एक कैदी तर ते पाण्यात फेकून देतो. जोकरला तिथे बॅटमॅन हरवत नाही, लोक हरवतात. जोकर साकारणाऱ्या हीथ लेजर यांना मरणोत्तर ऑस्कर मिळाले ते योग्यच होते, पण चित्रपट या जहाजांवर उभा आहे.

उलट बाजूला २०१३चा सुपरमॅनपट ‘मॅन ऑफ स्टील’ आहे. शेवटच्या लढाईत इमारतीमागून इमारती कोसळतात आणि त्यांतली माणसे क्वचितच दिसतात. जेरी सिगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी महामंदीच्या काळात सुपरमॅन रचला तो नाडलेल्यांचा कैवारी म्हणून. त्याचे हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलरला विकले. त्यांच्या सुपरमॅनशी या विध्वंसाचे नाते लागत नाही. २०२५मध्ये जेम्स गन यांनी डेव्हिड कोरेनस्वेटला घेऊन केलेल्या ‘सुपरमॅन’मध्ये नायक अवाढव्य प्राण्याशी झुंजतानाही लोकांना वाचवत राहतो, अगदी एका खारीलाही. दिशा सुधारली आहे.

‘ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ने २०१८मध्ये एक धाडसी बदल केला. १९९१च्या ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’मध्ये थॅनॉस मृत्यूदेवतेला खूश करण्यासाठी अर्धे विश्व नष्ट करतो. चित्रपटात त्याला संसाधने अपुरी असल्याची चिंता आहे. हा बदल त्याला अधिक भीतिदायक करतो, कारण असे तर्क आपण खऱ्या जगातही ऐकतो. पण ज्यांना तो पुसतो त्या अब्जावधींपैकी नायकांपलीकडचे फार थोडे आपल्याला भेटतात. भव्यता आहे, माणूस थोडा.

वणीकरांनी आवर्जून पाहावा असा चित्रपट म्हणजे रायन कुगलर यांचा २०१८चा ‘ब्लॅक पँथर’. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६मध्ये रचलेला वकांडा देश व्हायब्रेनियम या धातूवर उभा आहे. शेवटचे द्वंद्वही खाणीतल्या रुळांवर होते. जमिनीखालची संपत्ती कोणाची, ती लपवून सुरक्षित राहायचे की वाटून जबाबदारी घ्यायची, हा प्रश्न चित्रपट गंभीरपणे मांडतो. वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संगीत यांसाठी त्याला तीन ऑस्कर मिळाली. माझी तक्रार एकच: धातू खणणाऱ्या हातांना चित्रपटात आवाज नाही. राजाचा विचार दिसतो, कामगाराचा दिसत नाही.

पवित्र प्रभाकर मराठीत बोलला

२००४मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी ‘स्पायडरमॅन इंडिया’ केला. त्याचा नायक पवित्र प्रभाकर हा खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत आलेला मुलगा. धोतर नेसतो म्हणून वर्गातली मुले त्याला चिडवतात. एका योग्याकडून त्याला शक्ती मिळते.

२०२३च्या ‘स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये हाच पवित्र आला आणि तो चित्रपट भारतात मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला. मुंबई आणि मॅनहॅटन यांचा मेळ घालून रंगवलेल्या ‘मुंबॅटन’ची शैली सत्तरच्या दशकातल्या इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलेली आहे. स्वस्त कागदावरचे भडक, किंचित सरकलेले रंग एका मोठ्या ॲनिमेशनपटात मानाने मिरवले, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे.

कथेतला सर्वांत महत्त्वाचा पेचही याच शहरात घडतो. इन्स्पेक्टर सिंग यांचा मृत्यू ‘ठरलेला’ असतो, तरी चित्रपटाचा नायक माइल्स त्यांना वाचवतो. नियमापुढे एक जीव मोठा, असे तो कृतीने सांगतो. चित्रपट इथे पूर्ण उतरतो. मात्र खेड्यातून आलेला, हिणवला गेलेला पवित्र त्यात नाही. पडद्यावरचा पवित्र हसरा, देखणा, सगळे सहज जमणारा आहे. वणीहून, मारेगावहून, झरी-जामणीहून पुण्या-मुंबईत शिकायला जाणाऱ्या मुलाला आपला वाटला असता तो चित्रकथेतला पवित्र. तो गाळला गेला, हे या सुंदर चित्रपटाचे उणेपण आहे.

मराठी महानायक

मराठीत निखिल महाजन यांनी २०१५मध्ये ‘बाजी’ केला. श्रेयस तळपदे, अमृता खानविलकर आणि जितेंद्र जोशी त्यात आहेत. मागे मूळ चित्रकथा नसताना गाव, मुखवटा आणि दंतकथा यांवर महानायक उभा करण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. नायकाला गावात रुजवायचे, हा त्याचा विचार बरोबर होता. त्या वाटेवर पुढे पावले पडली नाहीत. केरळातल्या ‘मिन्नल मुरली’ने २०२१मध्ये छोट्या गावातल्या शिंप्याला महानायक करून दाखवले आणि तो देशभर पाहिला गेला. खर्चापेक्षा गावाची ओळख अधिक मोलाची असते, हे त्याने सिद्ध केले.

म्हणून तरुण वाचकांना माझी विनंती आहे. पुढचा असा चित्रपट पाहाल तेव्हा त्याची मूळ चित्रकथा शोधून वाचा. काय ठेवले, काय बदलले, काय गाळले याची नोंद करा. नायक कोणाला वाचवतो, त्या माणसाला नाव आहे का, त्याचे म्हणणे ऐकू येते का, हे विचारा. आणि ते परीक्षण मराठीत लिहा, महाविद्यालयाच्या वार्षिकात, स्थानिक साप्ताहिकात, जिथे जमेल तिथे. ज्यांना चित्र काढता येते त्यांनी एक पाऊल पुढे जावे. पहिल्या पाळीला निघालेला कामगार, खाणीत गेलेले शेत आणि काळ्या धुळीत वाढणारी मुले यांची चित्रकथा वणीतूनच यायला हवी. ती काढायला वहीची पाने आणि पेन्सिल पुरेशी आहे.