जुन्या दौऱ्यांचे सदरे

मंडळी, ऑक्टोबरात पानं पिवळी पडू लागली की आपल्या नेपरव्हिलमध्ये ठेवणीतले जाड कपडे बाहेर निघतात. त्यातलाच एक म्हणजे रग्बी शर्ट: आडवे रुंद पट्टे, पांढरी कॉलर आणि कधीकधी छातीवर शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या परदेश-दौऱ्याचं साल किंवा चिन्ह. रग्बीचा एकही सामना न बघता तो ऐटीत घालता येतो, ही त्यातली गंमत!

आम्हा इंजिनिअर लोकांना कपड्याचीसुद्धा आधी शिवण बघायची खोड. या शर्टात बघण्यासारखं आहेही. ओढाओढीत फाटू नये म्हणून कापड जाड सुती, कॉलर वेगळ्या दणकट कापडाची आणि कुणाला लागू नये म्हणून गुंड्या रबराच्या. दोष एकच. पावसात सूत पाणी पितं आणि सदरा भलताच जड होतो. म्हणून मैदानावर पॉलिएस्टर आलं आणि सुती सदरा फॅशनच्या दुकानात जाऊन बसला.

आता त्या दौऱ्यांविषयी. १८८८-८९ साली ‘न्यूझीलंड नेटिव्ह्ज’ नावाचा संघ ब्रिटनला गेला. बहुतेक खेळाडू माओरी, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. वाटेतले आणि घरचे सामने धरून ते एकूण १०७ सामने खेळले! काळा सदरा आणि त्यावर नेच्याचं रुपेरी पान ही खूण त्यांची. पुढे १९०५ च्या न्यूझीलंड संघाने हाच वेष घातला, ३५ सामन्यांत फक्त वेल्सकडून हार खाल्ली आणि ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव गाजवलं. त्याच दौऱ्यात ते आयर्लंडशी प्रथम भिडले. आयरिश संघाला त्यांना हरवायला तब्बल १११ वर्षं लागली, आणि तो पराक्रम घडला आपल्या शेजारी, शिकागोच्या सोल्जर फील्डवर, ५ नोव्हेंबर २०१६ रोजी, ४०-२९ असा!

पण सदऱ्यावर सगळीच हकिगत छापलेली नसते. १९६० साली न्यूझीलंडचा संघ दक्षिण आफ्रिकेला निघाला, तेव्हा तिथल्या वर्णभेदापुढे मान तुकवून माओरी खेळाडूंना घरीच ठेवलं गेलं. ज्यांनी तो काळा सदरा आधी मिरवला, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांना तो नाकारला!

हे वाचून दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी आपल्याकडच्या एका दौऱ्याकडे बघू या. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. सामने बरेचसे हरला, पण डावखुऱ्या फिरकी गोलंदाज पालवणकर बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात पिच राखता राखता, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते शिकले. मग पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतलं, कारण जिंकायचं होतं. मैदानात चेंडू सगळ्यांनी हाताळला, पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या कपात चहा! इतके बळी घेऊनही चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही बऱ्याच झगड्यानंतर.

रामचंद्र गुहांच्या २००२ सालच्या इंग्रजी पुस्तकामुळे ही कहाणी पुष्कळांपर्यंत पोचली. तरी आपल्या घरांत सचिन आणि गावसकर यांच्यापलीकडे मुलांना कितीशी नावं माहीत असतात?

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. उन्हाळ्यात आपण मंडळी क्रिकेट खेळतोच, शर्टही छापतो. एखाद्या वर्षी पाठीवर नुसतं ‘१९११’ छापू या. कुणी पोर विचारेलच, हा कसला आकडा? तेव्हा ११४ बळी तर सांगायचेच, पण तो वेगळा कपही सांगायचा. इथे जन्मलेली आपली मुलं शाळेत रोझा पार्क्सची गोष्ट शिकून येतात. त्यांना ही गोष्टसुद्धा नक्की कळेल, आणि ती त्यांना आपल्याच तोंडून कळलेली बरी.